मोटरसायकलच्या खऱ्या शर्यतीचा एक दिवस

नानाखेड्याच्या रस्त्यावर सायलेन्सर काढून गाडी पळविणाऱ्या मोठ्या मुलांकडे तुम्ही कौतुकाने बघता, हे मी शाळेच्या फाटकातून रोज पाहतो. म्हणून खरी शर्यत कशी होते ते सांगतो.

१९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे सुमारे ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. हौशी स्पर्धकाची सकाळ तिथे तपासणीच्या रांगेत जाते. ब्रेक, टायर, हेल्मेट, चामड्याचा पोशाख, सगळे पाहतात. इंजिनच्या तेलाचा बोल्टसुद्धा तारेने बांधलेला हवा, कारण ट्रॅकवर थोडे तेल सांडले तरी मागून येणारे घसरतात. मग सराव, आणि त्यानंतर घड्याळ लावून फेरी. ज्याची वेळ कमी, तो पुढच्या रांगेत. एवढे झाल्यावर शर्यत मात्र काही मिनिटांतच संपते!

त्यातही पिवळा झेंडा दिसला की कोणाला ओलांडायचे नाही, लाल दिसला की शर्यत बंद. रुग्णवाहिका आधीपासून उभी असते. सगळे एकाच दिशेने धावतात. समोरून दूधवाला येत नाही, गाय येत नाही, शाळा सुटलेली मुलेही येत नाहीत.