महाविद्यालयांच्या 'हिरवेपणा'लाही गुण. गरज चोख मोजमापाची

बुलडाणा - महाविद्यालयाची प्रत म्हणजे निकालाची टक्केवारी, प्राध्यापकांच्या पदव्या आणि ग्रंथालयातील पुस्तके, ही समजूत आता मागे पडली आहे. आवारात पाणी किती लागते, विजेचे बिल किती येते, कचऱ्याचे पुढे काय होते, या प्रश्नांची उत्तरेही संस्थेच्या मूल्यांकनात मागितली जातात. उन्हाळा लागताच टँकरची मागणी सुरू होणाऱ्या बुलडाणा जिल्ह्यात तर या प्रश्नांना वेगळेच महत्त्व आहे.

सातवा निकष
हाती खराटा घेऊन गावे स्वच्छ करणाऱ्या संत गाडगेबाबांच्या नावाच्या अमरावती विद्यापीठाशी जिल्ह्यातील महाविद्यालये संलग्न आहेत. देशातील अशा संस्थांचे मूल्यांकन १९९४ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजेच 'नॅक' करते. परिषदेने २०१७ मध्ये सुधारलेल्या आराखड्यात सात निकष आणि १००० गुण होते. त्यांतील १०० गुणांच्या सातव्या निकषात सामाजिक मूल्यांबरोबर पर्यावरणालाही स्थान मिळाले. सौरऊर्जा, एलईडी दिवे, पर्जन्यजल संकलन, विहीर पुनर्भरण, कचरा व्यवस्थापन, प्लॅस्टिकबंदी, हरित व ऊर्जा लेखापरीक्षण अशा बाबींची त्यात नोंद होते. श्रेणीऐवजी केवळ 'अधिस्वीकृत' किंवा 'अधिस्वीकृत नाही' असा निर्णय देणारी पद्धत आणण्याची घोषणा परिषदेने जानेवारी २०२४ मध्ये केली.

जगातील पद्धती
अमेरिकेत २०१० पासून 'स्टार्स' ही पद्धत राबविली जाते. संस्था स्वतःच आपली माहिती भरते, ती सर्वांना पाहता येते आणि गुणांनुसार कांस्य, रौप्य, सुवर्ण किंवा प्लॅटिनम दर्जा मिळतो. इंडोनेशिया विद्यापीठाने त्याच वर्षी 'ग्रीनमेट्रिक' ही जागतिक क्रमवारी सुरू केली. तिच्या अनेक वर्षे वापरल्या गेलेल्या मांडणीत ऊर्जा व हवामानबदलाला २१ टक्के, कचरा, वाहतूक आणि शिक्षण-संशोधन यांना प्रत्येकी १८, परिसराला १५, तर पाण्याला केवळ १० टक्के भार होता. भारतातील राष्ट्रीय क्रमवारीतही २०२५ मध्ये शाश्वत विकास ध्येयांसाठी स्वतंत्र वर्गवारी आली व 'आयआयटी मद्रास'ने पहिला क्रमांक पटकावला.

यादी की मोजणी?
'नॅक'च्या या आराखड्यातील अनेक प्रश्न यादीच्या स्वरूपाचे आहेत. दिलेल्या सोयींपैकी किती आहेत, यावर गुण ठरतात. सोय असणे आणि ती उपयोगी पडणे यांत मात्र अंतर आहे. गच्चीवरचे पाणी विहिरीत सोडणारा पाइप गाळाने बुजला, तरी कागदावर पर्जन्यजल संकलन असतेच. लावलेली रोपे मोजली जातात. पुढच्या मे महिन्यात त्यांतील किती जगली, हे मोजले जातेच असे नाही.

खरी मोजणी तितकी अवघड नाही. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. एखाद्या महाविद्यालयाचे छत १००० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला, तर सात लाख लिटर पाणी छतावर पडते. गळती व बाष्पीभवन वजा जाता त्यातील ८० टक्के हाती आले, तरी ते ५ लाख ६० हजार लिटर भरते. यातील प्रत्यक्ष किती मुरले, हा खरा प्रश्न.

विजेचेही तसेच. समजा, एका महाविद्यालयात ६०० विद्यार्थी असून वर्षाला २४ हजार युनिट वीज लागते. दुसऱ्यात १२०० विद्यार्थी आणि ३६ हजार युनिट. एकूण आकडा पाहता पहिले काटकसरी वाटते. पण दरडोई वापर पहिल्यात ४०, तर दुसऱ्यात ३० युनिट येतो. म्हणजे काटकसरी दुसरेच ठरते. म्हणून विद्यार्थिसंख्या आणि मागील वर्षाचा आकडा सोबत असल्याशिवाय तुलना करता येत नाही.

पाण्याला मान हवा
तलाव, नाले खोल करून निघालेली माती-मुरूम महामार्गासाठी वापरण्याचा 'बुलडाणा पॅटर्न' राज्याबाहेरही चर्चिला गेला. किती घनमीटर गाळ निघाला आणि पाणीसाठा किती वाढला, हे सांगता येत असल्यानेच त्याचे महत्त्व पटते. याच जिल्ह्यातील लोणार सरोवराला २०२० मध्ये 'रामसर' पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. अशा जिल्ह्यातील महाविद्यालयाने पाण्याला दहा टक्क्यांवर ठेवून चालणार नाही.

नळजोडणीवर मीटर, वीज बिलांची एक वही, कचऱ्यासाठी वजनकाटा आणि जगलेल्या झाडांची वार्षिक गणती, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. पर्यावरणशास्त्र पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकावेच लागते. त्याच विषयाच्या प्रकल्पात ही मोजणी त्यांच्याकडे सोपविता येईल. समिती पाहणीला येईल त्या दिवशी आवार हिरवे दिसेलही. पण मे महिन्यात महाविद्यालयाच्या विहिरीत पाणी आहे की टँकर बोलवावा लागतो, यावरूनच खरी श्रेणी ठरेल.