वजनाची मात्रा

घरांतील वडील माणूस शस्त्रक्रिया होऊन इस्पितळांतून परत आलें, म्हणजे त्यास अंथरुणावरून हलूं न देणें यांतच आपल्या प्रेमाची कसोटी आहे, अशी आपल्या कुटुंबांतून एक समजूत आढळते. पाण्याचा तांब्या उशाशीं, औषधें हाताशीं, जेवणाचें ताट पलंगापाशीं, आणि "तुम्ही उठूं नका हो, काय हवें तें सांगा" हें वाक्य सर्वांच्या तोंडीं! या समजुतीच्या मुळाशीं जी माया आहे तिजविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु हीच माया कित्येकदां रोग्याच्या पायांत उरलेलें बळहि हिरावून घेते, हें आम्ही आमच्या शेजारींच पाहिलें. आणि त्या निमित्तानें जें शिकावयास मिळालें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु.

आमच्या शेजारच्या माई सदुसष्ट वर्षांच्या. उजव्या गुडघ्याचा सांधा झिजून गेल्यामुळें शस्त्रक्रिया करून त्या ठिकाणीं कृत्रिम सांधा बसविण्यांत आला. दुसऱ्याच दिवशीं फिजिओथेरपिस्ट बाईंनीं त्यांस वॉकरच्या आधारानें उभें केलें, तेव्हां त्यांचे चिरंजीव घाबरूनच गेले. घरीं आल्यावर मुलगा म्हणे, "आई, तूं पडून राहा." सूनबाई म्हणत, "आई, तुम्ही कशाला उठतां? मी आहें ना!" माईंच्याहि मनांत भय होतेंच, नव्या सांध्यावर भार पडला आणि तो निसटला तर? व्यायामाचा कागद देवघरांतल्या फडताळांत पडून राहिला. दोन महिने लोटले. जखम भरून आली. क्ष-किरणांच्या चित्रांत सांधा जागच्या जागीं उत्तम दिसूं लागला. पण माईंस मागील दारच्या तीन पायऱ्या उतरून तुळशीपाशीं जातां येईना. मांडी रोडावली होती, पाऊल टाकतांना जीव धास्तावत होता. सांधा नवा मिळाला आणि चालणें मात्र गेलें, असा प्रकार झाला.

येथें मूळ प्रश्न असा कीं, दुखावलेल्या किंवा नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या पायावर भार द्यावा कीं देऊं नये? व्यवहारांत याचीं दोनच उत्तरें दिलीं जातात. एक म्हणतो, "मुळींच नको", दुसरा म्हणतो, "त्यांत काय आहे, चाला धडधडीत!" शास्त्राचें उत्तर या दोहोंच्या मधलें आहे. औषध जसें गुंजभर, मासाभर मोजून द्यावें, तसा भारहि मोजून द्यावा आणि प्रकृति पाहून वाढवीत न्यावा, असें तें उत्तर होय.

भार हा शरीराचा शत्रु नव्हे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. हाड ही दगडासारखी निर्जीव वस्तु नाहीं. त्यावर जसा भार पडतो तशी त्याची घडण बदलते, हा सिद्धान्त जर्मन शल्यवैद्य यूलिउस वोल्फ यांनीं १८९२ सालीं ग्रंथरूपानें मांडला. याचा पडताळा पुढें फार विलक्षण जागीं आला. अंतराळांत गेलेल्या मनुष्यांच्या पायांवर वजन म्हणून कांहीं पडतच नाहीं. तेथें त्यांच्या खुब्याच्या हाडांतील खनिज दर महिन्यास सुमारें एक ते दीड टक्का कमी होत जातें, असें दिसून आलें. निरोगी, तरुण, निवडून घेतलेल्या माणसांची ही गति. मग पलंगावर महिनोगणती पडून राहणाऱ्या वृद्धांची काय होत असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

उलट पक्षीं, चालतांना सांध्यांवर पडणारा भार आपल्या कल्पनेहून पुष्कळच मोठा असतो. खुब्याच्या कृत्रिम सांध्यांत बारीक मापकयंत्रें बसवून बर्लिन येथील संशोधकांनीं हा भार प्रत्यक्ष मोजला आहे. सपाट जमिनीवर बेताच्या चालीनें चालतांनाहि तो शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भरतो. साठ किलो वजनाच्या मनुष्याच्या खुब्यावर पावलागणिक सुमारें १४० किलोंचा दाब! याचें कारण असें कीं, एका पायावर उभें राहतांना शरीर कलंडूं नये म्हणून खुब्याच्या बाजूचे स्नायु जोरानें ओढ घेतात आणि त्या ओढीचा भार वजनांत मिळविला जातो. तेव्हां "चाला धडधडीत" हा उपदेशहि सरसकट खरा नाहीं. भार पाहिजे, पण बेताचा. हा बेत साधावा कसा?

याचें सर्वांत जुनें साधन पाणी होय. पाण्यांत बुडालेल्या पदार्थाचें वजन कमी भासतें, हें आर्किमीडीजचें तत्त्व आपल्या मुलांसहि पाठ असतें. कमरेइतक्या पाण्यांत उभें राहिलें असतां पायांवर सुमारें निम्माच भार येतो. छातीइतक्या पाण्यांत एकतृतीयांशाच्या आसपास, आणि मानेइतक्या पाण्यांत अवघा दहावा हिस्सा. अमेरिकेचे पुढें अध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय १९२१ सालीं आजारानें लुळे पडले. १९२४ मध्यें ते जॉर्जिया प्रांतांतील वॉर्म स्प्रिंग्ज येथील उष्णोदकाच्या कुंडांत व्यायामासाठीं जाऊं लागले. पाय पूर्ववत् झाले नाहींत, तरी जमिनीवर जें साधत नव्हतें तें पाण्यांत साधूं लागलें, आणि तेवढ्यानें त्यांस फार धीर आला. परंतु पाण्याच्याहि अडचणी आहेत. ओली जखम पाण्यांत नेतां येत नाहीं; पाणी पावलास अडवितें, त्यामुळें चालण्याची स्वाभाविक ढब राहत नाहीं; आणि असें कुंड सर्वत्र मिळणार कोठून?

दुसरा उपाय रोग्यास पट्ट्यांनीं वरून तोलून धरण्याचा. कॅनडांतील माँट्रियल येथें ह्यूग बार्बो यांनीं १९८० नंतरच्या दशकांत या पद्धतीचा अभ्यास केला. पाठीच्या कण्यास इजा झालेल्या रोग्यांस छातीकमरेस पट्टे बांधून फिरत्या पट्ट्यावर चालविण्याची ही रीति. मात्र हे पट्टे जांघेंत व बरगड्यांवर काचतात, ही रोग्यांची तक्रार असते.

तिसऱ्या उपायाची कथा मोठी मौजेची आहे. अमेरिकेच्या नासा या अंतराळसंस्थेचें एम्स नांवाचें संशोधनकेंद्र कॅलिफोर्नियांत आहे. तेथील रॉबर्ट व्हेलन यांच्यापुढें प्रश्न होता तो अगदीं उलट: अंतराळवीरांस वजनच नाहीं, तर तें द्यावें कसें? १९९० नंतरच्या दशकांत त्यांनीं अशी कल्पना काढली कीं, कमरेखालील शरीर एका बंद पेटींत ठेवावें आणि आंतील व बाहेरील हवेच्या दाबांत फरक पाडून त्या फरकाच्या जोरावर मनुष्यास फिरत्या पट्ट्याकडे खालीं दाबावें. पुढें हीच कल्पना उलटी फिरविण्यांत आली. आंतील हवेचा दाब बाहेरच्याहून वाढविला, कीं तोच जोर मनुष्यास खालीं दाबण्याऐवजीं वर उचलतो! व्हेलन यांचे चिरंजीव शॉन यांनीं २००५ सालीं अल्टर-जी ही कंपनी काढली, आणि २००८ सालीं अमेरिकन सरकारच्या औषध-खात्यानें या यंत्रास वैद्यकीय उपयोगाची मोकळीक दिली. भारहीनांस भार देण्याकरितां निघालेली युक्ति अशा रीतीनें भारानें पीडलेल्यांच्या कामीं आली.

माईंच्या डॉक्टरांनीं त्यांस अशाच एका यंत्रावर पाठविलें, तेव्हां आम्हीहि सोबत गेलों होतों. माईंस प्रथम घट्ट विजारीसारखें एक वस्त्र नेसविण्यांत आलें. त्याच्या कमरेभोंवतीं रबरी घेर व चेन. नंतर त्या फिरत्या पट्ट्यावर उभ्या राहिल्या आणि तो घेर भोंवतालच्या मोठ्या पिशवीस चेनीनें जोडून टाकला. यंत्रानें प्रथम त्यांचें वजन घेतलें. मग पिशवींत हवा भरूं लागली. पिशवी फुगली, आणि माईंच्या मुद्रेवर एकाएकीं आश्चर्य दिसलें. "अग बाई, कोणी तरी काखेंत हात घालून उचलल्यासारखें वाटतें!" असे उद्गार त्यांच्या तोंडून निघाले. सोबत आलेली नात यंत्रावरचा आंकडा वाचीत होती: "आजी, आतां तुझें वजन निम्मेंच आहे!"

यांत जादू नाहीं, साधा हिशेब आहे. माईंचें वजन साठ किलो. तें निम्मे करावयाचें म्हणजे तीस किलो हवेनें उचलावयाचे. कमरेशीं शरीराच्या आडव्या छेदाचें क्षेत्रफळ सहाशें चौरस सेंटिमीटर धरलें, तर दर चौरस सेंटिमीटरमागें पन्नास ग्रॅमच जोर पुरतो. आपल्याभोंवतींच्या हवेचा दाब तेवढ्याच जागेवर सुमारें एक किलो असतो. म्हणजे आंतला दाब अवघ्या एकविसांशानें वाढविला कीं काम झालें. या यंत्रांत भार एकेका टक्क्यानें कमीअधिक करतां येतो व तो वीस टक्क्यांपर्यंत खालीं आणतां येतो. साठ किलोंच्या माणसाच्या पायांवर बारा किलोच उरतात. भाराची मात्रा मोजावयाची ती अशी.

माई पहिल्या दिवशीं निम्म्या भारावर चालल्या. चाल मंद, पण लंगडणें नाहीं! दुखण्याच्या धास्तीनें मनुष्य लंगडूं लागतो आणि कारण सरलें तरी ती खोड पायांस जडून राहते. हलक्या भारावर सरळ पाऊल टाकण्याची आठवण पायांस पुन्हां होते, हा या यंत्राचा मोठा गुण आम्हांस वाटला. शिवाय पडण्याचें भय नाहीं, कारण कमर घट्ट धरलेली असते. पुढें दर खेपेस भार थोडथोडा वाढविण्यांत आला. गुडघ्यावर त्याच दिवशीं वा दुसऱ्या सकाळीं सूज किंवा ठणका वाढला, तर मात्रा मागें घ्यावयाची. न वाढला, तर पुढें न्यावयाची. पायाचें हाड मोडलेले, घोट्याची शीर तुटलेले, गुडघ्याचा स्नायुबंध शिवून घेतलेले खेळाडू, अशा अनेकांस याच रीतीनें चालविण्यांत येतें. परंतु कोणास, केव्हां व किती, हें वैद्यानेंच ठरवावें. हाड अद्याप जुळून स्थिर झालेलें नाहीं, पायाच्या शिरेंत रक्ताची गुठळी आहे, हृदयाचा विकार बळावलेला आहे किंवा जखम उघडी आहे, अशा रोग्यानें आपल्या मनानें यंत्रावर चढणें हें धोक्याचें होय.

आतां वाचक म्हणतील, हें यंत्र महागाचें, थोड्या शहरांतून थोड्या ठिकाणीं असणारें; आमच्या गांवच्या माईंनीं काय करावें? या प्रश्नाचें उत्तर आमच्या मतें या लेखांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. अमेरिकेंत पक्षाघात झालेल्या ४०८ रोग्यांवर एक मोठा प्रयोग झाला व त्याचा निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाला. कांहींना पट्ट्यांनीं तोलून फिरत्या पट्ट्यावर चालविलें; कांहींना फिजिओथेरपिस्टनें घरीं जाऊन बळ व तोल वाढविणारे व्यायाम नेमानें शिकविले. वर्षअखेरीस दोहोंतहि निम्म्याहून थोडे अधिक रोगी चालण्यांत सुधारलेले आढळले. यंत्रावर चाललेले घरीं व्यायाम केलेल्यांहून सरस ठरले नाहींत. तो रोग निराळा व यंत्रहि निराळें, हें खरें. परंतु बोध आपल्या कामाचा आहे. गुण यंत्राहून अधिक नेमाचा आहे. यंत्र हें मात्रा मोजण्याचें सोईचें माप होय; मापच जवळ नसेल तर दुसऱ्या मापानें मोजावें.

आणि असें माप पुष्कळ घरांत असतें. साधा वजनकांटा जमिनीवर ठेवावा, त्याच्याच उंचीचा पाट शेजारीं ठेवावा. वॉकर धरून चांगला पाय पाटावर व दुखरा पाय कांट्यावर ठेवून हळूहळू भार द्यावा. डॉक्टरांनीं वीस किलो सांगितले असतील तर कांटा विसावर आला कीं थांबावें. दोन-चार दिवसांत तो भार पायासच कळूं लागतो. काठी घ्यावयाची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातांत. पुष्कळ लोक ती दुखऱ्या बाजूस धरतात, ती मोठी चूक आहे. विरुद्ध हातांत धरलेली काठी खुब्याच्या स्नायूंची ओढ हलकी करते आणि सांध्यावरचा दाब उतरतो. काठीची मूठ, हात सैल सोडला असतां मनगटाशीं यावी. पायरी चढतांना चांगला पाय आधीं, उतरतांना काठी व दुखरा पाय आधीं. एवढे चार नियम सांभाळले, तर घरच्या पडवींतहि भाराची मात्रा हळूहळू वाढवितां येते.

माई यंत्रावर गेल्या त्या थोडेच दिवस. पुढचें सर्व काम घरींच झालें. सूनबाईंनीं पाण्याचा तांब्या उशाचा उचलून मुद्दाम स्वयंपाकघरांत नेऊन ठेवला, हें आम्हांस त्या यंत्राइतकेंच मोलाचें वाटलें. "आई, तुम्ही घेऊन या, मी इथें उभी आहें," असें म्हणतांना प्रथम त्यांचाहि जीव खालींवर होत असे. धांवून हात द्यावासा वाटतो, आणि तो न देतां जवळ उभें राहावें लागतें. शुश्रूषेंतील याहून कठीण दुसरें काम नसेल. आपल्या घरांतील सुनांनीं, लेकींनीं व मुलांनींहि तें शिकावें, अशी आमची विनंति आहे.

परवां सकाळीं आम्ही अंगणांत उभे होतों. मागचें दार उघडलें. डाव्या हातांत काठी घेऊन माई उंबरठ्याशीं आल्या. सूनबाई एक पायरी खालीं, हात न लावतां उभ्या. काठी, उजवा पाय, मग डावा. पुन्हां काठी, उजवा, डावा. तिसरी पायरी उतरल्यावर माईंनीं मागें वळून त्या तीन पायऱ्यांकडे एकवार पाहिलें आणि तुळशीस पाणी घालण्यासाठीं नातीकडून तांब्या मागून घेतला.