बाटलीपेक्षा पुडी बरी

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून मूत्रपिंडे निकामी झालेली लहान मुले नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. तपासणीत त्या सिरपमध्ये 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. महाराष्ट्राला हे विष नवे नाही. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्याचीच भेसळ असलेले ग्लिसरीन दिले गेल्याने 14 रुग्ण दगावले आणि चौकशीसाठी न्या. लेंटिन आयोग नेमावा लागला. दोन्ही वेळी चर्चा झाली ती दोषी कोण याची. ती व्हायलाच हवी. पण मुलांचे औषध बाटलीत, पातळच का असावे, हा प्रश्न तिच्यात मागे पडला.

याचे उत्तर औषधनिर्माणशास्त्रात आहे. रोगावर काम करणारा रेणू सापडला म्हणजे औषध तयार झाले, असे होत नाही. तो किती विरघळतो, उष्णतेत किती टिकतो, चव कशी आहे, हे पाहून त्याला रूप द्यावे लागते. पॅरासिटामॉलचेच घ्या. साधारण तापमानाला एक मिलिलीटर पाण्यात ते जेमतेम 14 मिलिग्रॅम विरघळते. मुलांच्या नेहमीच्या सिरपमध्ये मात्र 5 मिलिलीटरमागे 125 मिलिग्रॅम, म्हणजे मिलिलीटरमागे 25 मिलिग्रॅम औषध लागते. नुसत्या पाण्यात एवढे मावत नाही. म्हणून प्रोपिलीन ग्लायकॉलसारखे मदतीचे द्रावक घालतात. शुद्ध असेल तर ते योग्य प्रमाणात चालते. डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला तसेच, चवीला गोडसर आणि स्वस्त. कच्च्या मालाचे पिंप न तपासता वापरले की घात होतो. द्रावक टाळून औषधाचे बारीक कण पाण्यात तरंगते ठेवता येतात, पण मग बाटली हलवायला विसरले की पहिले चमचे फिके आणि शेवटचे तीव्र होतात.

या हिशेबात औषध शेवटी जिथे पोहोचते ते घरही धरावे लागते. वर्धा जिल्ह्यातल्या आंजी (मोठी) येथले घर घ्या. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा परिसर सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या समुदाय वैद्यक विभागाचे कार्यक्षेत्र आहे. औषधाचा टिकाऊपणा झटपट तपासायचा तर ते 40 अंश सेल्सिअसला सहा महिने ठेवतात. वर्ध्यातली मे महिन्याची दुपार त्याहून तापलेली असते, आणि घराघरांतले चमचेही एका मापाचे नसतात. अशा घरासाठी औषध कसे घडवावे याचा धडा जलसंजीवनीच्या पुडीत आहे. जुन्या सूत्रातला खाण्याचा सोडा दमट उष्ण हवेत ग्लुकोजशी मिळून पूड तपकिरी करी. 1980 च्या दशकात त्याजागी ट्रायसोडियम सायट्रेट आले आणि पुडी टिकू लागली. आजच्या 20.5 ग्रॅमच्या पुडीत ते 2.9 ग्रॅम असते. जुलाबावर जलसंजीवनीसोबत 14 दिवस द्यायची झिंकची गोळी याच वळणाची: सहा महिन्यांवरील बाळाला 20 मिलिग्रॅमची अख्खी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, आईच्या दुधात विरघळवून. चमच्याच्या मापावर मात्रा अवलंबूनच नाही. 2008 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही मुलांसाठी अशा घन रूपांना पसंती दिली. पाण्यात तीन मिनिटांत विरणाऱ्या गोळीला प्रोपिलीन ग्लायकॉलसारख्या द्रावकाची गरज नसते, आणि वाहतूक-साठवणही सोपी होते.

यावर पहिला आक्षेप असा, की छिंदवाड्यात चुकले ते देखरेखीचे काम. रूपाला दोष का द्यावा? देखरेख हवीच. पण प्रत्येक पिंपाची चाचणी कधीच चुकणार नाही, या भरवशावर मुलांचा जीव टांगणे शहाणपणाचे नाही. जिथे चुकीचा धोकाच कमी करता येतो, तिथे तो करावा. दुसरा आक्षेप पाण्याचा: गोळी विरघळवायला स्वच्छ पाणी कुठून आणायचे? लागते ते चमचाभर पाणी. उकळून गार केलेले चालते, आणि तान्ह्याला आईचे दूध आहेच. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काही औषधे इतकी कडू असतात की चव झाकणे अवघड, आणि नवजात बाळाला वजनानुसार थेंबांचीच मात्रा लागते. तिथे पातळ औषध राहील, मात्र मोजमापाच्या सिरिंजसह. गोळीही दमट हवेत बिघडते, म्हणून तिला ओल न शिरणारे वेष्टन हवे. आणि लहान मुलाच्या साध्या सर्दी-खोकल्याला बहुतेकदा औषधच लागत नाही. नको असलेले औषध कितीही चांगल्या रूपात दिले तरी नकोच.

खर्चाचा प्रश्न उरतो. विरघळणारी गोळी दर नगामागे कधी महाग पडेल. पण बाटलीचे वजन, फूटतूट आणि उघडल्यावर वाया जाणारे औषध धरले, तर तुलना बदलते. म्हणून सरकारी खरेदीत रेणूचे नाव आणि सर्वांत कमी दर एवढ्यावर न थांबता रूपही मागावे: जिथे शक्य तिथे विरघळणारी गोळी, उन्हाळ्यात टिकल्याचा पुरावा आणि ओल रोखणारे वेष्टन. निविदेत या तीन अटी घालायला नवा शोध लागत नाही. त्यामागचे शास्त्र आंजीसारख्या गावांत जुलाब झालेल्या मुलांना पुडी आणि गोळीच्या रूपाने दिले जातेच आहे.