ताजपासून वरातीपर्यंत : जॅझच्या नव्वद वर्षांचा मागोवा

दौंड जंक्शनवरून मनमाडच्या गाडीत बसलं की नगर, बेलापूर मागे टाकल्यावर पुणतांबा येतं. गोदाकाठचं हे गाव लोकांना चांगदेवांच्या समाधीमुळे ठाऊक असतं. याच गावात 1918 साली रामचंद्र नरहर चितळकर जन्मले आणि मुंबईला जाऊन सी. रामचंद्र झाले. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जॅझचा ठेका पोचवण्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे. मात्र ऐकणाऱ्याला त्या ठेक्याचं नाव कधी कळलं नाही.

दौंड आणि शिरूर या तालुक्यांत पियानो, बेस आणि ड्रम्स अशा त्रयीची मैफल हा काही नेहमीचा प्रकार नव्हे. पोस्टर लावलं तर अर्धे लोक विचारतील, गायक कुठाय? पण जॅझ म्हणजे शहरातल्या मूठभर हौशी मंडळींची चैन, हा समजही अर्धाच खरा आहे. त्याची मैफल शहरात राहिली आणि ठेका मात्र गावात आला. ही फाळणी कशी झाली, ते पाहायचं तर नव्वद वर्षं मागे जावं लागतं.

1935 साली व्हायोलिनवादक लिऑन ॲबीचा आफ्रिकन-अमेरिकन वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ हा कॉर्नेटवादक आणि टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आले. वेदरफर्ड शिकागोत नाव काढलेला माणूस. अमेरिकेत ज्या रंगामुळे हॉटेलच्या मागच्या दारानं आत जावं लागे, तो रंग घेऊन तो इथे बड्या हॉटेलांच्या बॉलरूमचा मानकरी झाला. पुढे तो कलकत्त्याला गेला आणि 1945 साली तिथेच कॉलऱ्यानं वारला.

या पाहुण्यांच्या बँडमध्ये गोव्याची मुलं शिरली. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकवत. व्हायोलिन नाहीतर ट्रम्पेट हातात आलेला पोरगा मुंबई गाठायचा, धोबीतलावच्या आसपास आपल्या गावच्या ‘कूड’मध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, पथारी टाकायचा आणि काम शोधायचा. अल्डोन्याचा अँतोनियो शाविएर वाझ असाच आला आणि ‘चिक चॉकलेट’ म्हणून गाजला. लुई आर्मस्ट्राँगसारखं वाजवतो अशी त्याची ख्याती. कुडचड्याचा फ्रँक फर्नांड वेदरफर्डच्या हाताखाली वाजवून तयार झाला. मिकी कोरियानं तर 1939 पासून पुढे वीसेक वर्षं ताजचा बँड सांभाळला.

आता जरा दौंडकडे वळू. 1878 साली दौंड-मनमाड (तेव्हाची धोंड-मनमाड) रेल्वे सुरू झाली आणि हे गाव जंक्शन झालं. मुंबई-मद्रास मार्गावरचं ठाणं, त्यामुळे इथे रेल्वेची वसाहत वसली. तिच्यात ड्रायव्हर, गार्ड, फोरमन अशा नोकऱ्यांवर अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती कुटुंबं आली. देशभरच्या रेल्वे वसाहतींत इन्स्टिट्यूट नावाचं एक सभागृह असे. तिथे बिलियर्ड, पत्ते, नाताळाचा नाच, थर्टी-फर्स्टची रात्र चाले. मुंबईच्या हॉटेलांत वाजणारं संगीत रेकॉर्डांमधून आणि फिरत्या बँडांमधून या सभागृहांत येई. वसाहतीचं कुंपण ओलांडून ते बाजारपेठेत येणं अवघड होतं. कुंपणाबाहेर भजनाची, तमाशाची, कुस्तीची दुनिया होती आणि तिला बॉलरूमशी देणंघेणं नव्हतं.

शिरूरला, म्हणजे जुन्या लोकांच्या घोडनदीला, रेल्वे नाही. पण तिथे इंग्रजांची छावणी होती. 1 जानेवारी 1818 च्या कोरेगावच्या लढाईत उतरलेली तुकडी शिरूरच्याच छावणीतून निघाली होती. पलटणींच्या बँडमधून ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम ही पितळी आणि फुंकीची वाद्यं देशी हातांत गेली, ही सगळ्या देशाचीच कहाणी आहे. छावण्या उठल्या, वाद्यं मागे राहिली. सनई-चौघड्याच्या जोडीला गावोगाव बँड पार्टी उभ्या राहिल्या. म्हणजे जॅझ गावात येण्याआधी तो वाजवायची हत्यारं इथे येऊन थांबलीच होती. यायची होती ती फक्त गाणी.

ती दारूबंदीनं आणली म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. स्वातंत्र्यानंतर इंग्रज गिऱ्हाईक गेलं, संस्थानिक गेले. 1949 साली मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि हॉटेलांच्या नाचघरांची रया गेली. वादकांनी पोटापाण्यासाठी सिनेमाच्या स्टुडिओंची वाट धरली. तिथे त्यांची गरजही होती. संगीतकार पेटीवर चाल बांधायचा, पण साठ वादकांच्या हाती कागद द्यायचा तर स्वरलिपी लिहिणारा माणूस हवा. सबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ही मंडळी तो कागद लिहायची. ॲरेंजर म्हणून त्यांची नावं पडद्यावर क्वचितच आली.

सी. रामचंद्रांनी या वादकांना नुसतं वाजवायला लावलं नाही, त्यांना मोकळं सोडलं. 1951 सालच्या ‘अलबेला’त त्याचं फळ दिसलं. चिक चॉकलेट आणि त्याचे साथीदार त्यात पडद्यावरही झळकले. नायक होते भगवान आबाजी पालव, आपले भगवानदादा. गिरणगावातून आलेला हा माणूस. त्याची नाचायची पद्धत अशी की ती शिकावी लागत नाही, बघितली की अंगात येते. खांदे हलवत, एक पाय पुढे एक मागे. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन न्यू ऑर्लिन्सच्या वळणाचे, चाल पुणतांब्याच्या माणसाची, पावलं परळ-दादरच्या माणसाची. हे रसायन वरातीला मानवलं. पुढची कितीतरी दशकं बँडवाल्यांच्या वहीत या सिनेमाचं गाणं नाही, असं होत नसे. गणपतीच्या मिरवणुकीत आजही पोरं जो नाच करतात, त्याच्या मुळाशी भगवानदादा आहेत. ट्रम्पेटवाला गल्लीच्या कोपऱ्यावर थांबून चालीत आपली एखादी हरकत घालतो, नवरदेवाचे मित्र ‘पुन्हा पुन्हा’ म्हणून ओरडतात आणि तो तीच जागा वेगळी करून वाजवतो. त्याला कुणी जॅझ म्हटलं तर तो हसेल. पण प्रसंगाला धरून चाल फिरवणं हे जॅझवाल्याचंच काम.

इकडे मैफलीच्या जॅझची वाट वेगळी चालली होती. 1958 साली डेव्ह ब्रुबेक आपली चौकडी घेऊन भारतात आला. अमेरिकी सरकारच्या खर्चानं निघालेला तो दौरा होता. शीतयुद्धात रशियाला उत्तर म्हणून वॉशिंग्टननं जॅझवाल्यांना जगभर धाडलं होतं. याच भेटीतून एडवर्ड सल्ढाणा ऊर्फ डिझी साल या तरुण पियानोवादकाला अमेरिकेचं दार उघडलं. 1959 साली तो लेनॉक्सच्या जॅझ शाळेत होता आणि जॅझला उलटंपालटं करणारा ऑर्नेट कोलमनही त्याच वर्षी तिथे होता. 1963 साली ड्यूक एलिंग्टन आला. मुंबईची हौस यामुळे टिकून राहिली आणि 1978 साली निरंजन झवेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगभवनच्या उघड्या मंचावर ‘जॅझ यात्रा’ भरवली. पहिल्याच यात्रेला सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक आला. पुढे दर दोन वर्षांनी ती भरत गेली.

याच सुमारास दार्जिलिंगला जन्मलेले लुई बँक्स कलकत्त्याहून मुंबईला आले. भारतातल्या जॅझ पियानोचं आज नाव घ्यायचं तर पहिलं त्यांचं. दिवसा जिंगल आणि सिनेमा, रात्री जॅझ, असं त्यांनी आयुष्यभर केलं. पण यात्रेचं सोनं फार काळ टिकलं नाही. रंगभवनचा परिसर शांतता क्षेत्रात आला आणि तिथल्या मैफली बंद झाल्या. लोअर परळचा ब्लू फ्रॉग हा क्लब 2007 ला सुरू झाला आणि 2016 ला मिटला. पुण्यात कोरेगाव पार्कच्या एका कॅफेनं बरीच वर्षं जॅझ वाजता ठेवला. ही दोन्ही ठिकाणं खाण्यापिण्याच्या बिलावर चालणारी. भाडं वाढलं की सगळ्यात आधी वादकांचा कोपरा जातो.

आता त्या त्रयीकडे वळू, कारण आपल्या भागाशी तिचं नातं लागतं. पियानोवाला आधी मूळ चाल वाजवतो, बहुतेकदा 32 बारांची (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट), नाहीतर ब्लूजच्या 12 बारांची. मग तेच आवर्तन पुन्हा पुन्हा फिरत राहतं आणि दर फेरीला वर नवी चाल उमटते. बेसवाला प्रत्येक मात्रेवर एक स्वर टाकत चालत असतो. ड्रमवाला झांजेवर ठेका धरतो. शेवटाकडे पियानोवाला आणि ड्रमवाला चार-चार बार वाटून घेतात. चार बार पियानोचे, चार ड्रमचे, पुन्हा चार पियानोचे. आवर्तन मनात मोजत राहायचं आणि बरोबर जागेवर उतरायचं. 1961 साली बिल इव्हान्सच्या त्रयीनं न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये वाजवलं, तेव्हा तर साथीदार कोण आणि मुख्य कोण हा भेदच पुसला गेला. त्यानंतर काही दिवसांतच त्यांचा बेसवादक स्कॉट लफारो मोटार अपघातात गेला. ते ध्वनिमुद्रण मात्र आजही अभ्यासलं जातं.

हे वर्णन शिरूर-दौंडच्या माणसाला परकं वाटायचं कारण नाही. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे निघालेला रस्ता चौफुल्याला सोलापूर महामार्गाला मिळतो. त्या चौफुल्याच्या कला केंद्रांत संगीत बारी रंगते. ढोलकी, तबला, पेटी आणि पायातले चाळ. ढोलकीवाला तुकडा टाकतो, चाळांनी उत्तर येतं, पुन्हा तुकडा, पुन्हा उत्तर, आणि समेवर दोघं एकत्र. शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई हे तर तमाशा कलावंतांचं गाव, गंगारामबुवा कवठेकरांचं. सवाल-जवाबावर वाढलेल्या कानाला चार-चार बारांची देवाणघेवाण समजावून सांगावी लागत नाही. सूर निराळे असतील, खेळ ओळखीचा आहे.

हे नातं आपल्याच माणसानं जगाला दाखवूनही झालंय. बेळगावात जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचा मुलगा त्रिलोक गुर्टू तबला आणि ड्रम्स एकत्र मांडून बसला आणि जॉन मॅकलॉफ्लिनच्या त्रयीत वाजवू लागला. 1988 च्या ‘उस्फ्रेत’ या आपल्या अल्बममध्ये त्यानं आईला गायला बोलावलं. जॅझ आणि ठुमरी एका घरात नांदू शकतात, याचा याहून सरळ पुरावा कशाला हवा?

मग अडलंय कुठे? रसिकांच्या कानात तर नक्कीच नाही. अडलंय ते आयोजकांच्या कल्पनेत. जॅझ म्हटलं की पंचतारांकित हॉटेल आणि चारआकडी तिकीट डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात त्रयीला माणसं तीन लागतात. डिजिटल पियानो, बेस आणि ड्रमचा सेट एका टेम्पोत मावतो. ऑर्केस्ट्रा आणायला जेवढा खर्च येतो, त्याच्या थोड्याशा भागात हे होतं. 30 एप्रिल हा युनेस्कोनं ठरवलेला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन. त्या दिवशी दौंडच्या किंवा शिरूरच्या एखाद्या महाविद्यालयानं पुण्या-मुंबईची एक त्रयी बोलवावी, मध्यंतरानंतर चौफुल्याच्या ढोलकीवाल्याला त्यांच्यासोबत बसवावं, आणि बिदागी दोघांना सारखी द्यावी.

एक काम आणखी निकडीचं आहे. रेल्वे वसाहतीतली जुनी कुटुंबं पांगत चालली आहेत, आणि बँड पार्टीच्या जागी डीजेच्या भिंती आल्या आहेत. इन्स्टिट्यूटमधल्या नाचाचा एखादा फोटो, बँडवाल्याची गाण्यांची वही, माळ्यावर पडलेला ट्रम्पेट यांतलं काही तुमच्या घरी असेल तर ते रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथालयाला दाखवा आणि त्यामागची हकिकत घरातल्या वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्या.