उपनगरांतील घरीं पुदिन्याची लागवड

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत राहणाऱ्या आमच्या पुष्कळ वाचकांजवळ लागवडीस खिडकीची जाळी किंवा हातभर रुंदीची गॅलरी एवढीच जागा आहे. एवढ्याशा जागेंत काय लावावें, या प्रश्नास आम्ही 'पुदिना' असें उत्तर देतों, आणि तें केवळ हौसेखातर नव्हे. पालेभाजी आपण शिजवून खातों. पुदिना मात्र चटणींत, ताकांत व सरबतांत कच्चाच पोटांत जातो. बाजारांतील जुडी कोणत्या पाण्यावर वाढली, हें गिऱ्हाइकास कळण्यास मार्ग नाहीं. उपनगरांतील लोहमार्गालगत गटाराच्या पाण्यावर भाजी पिकविली जाते, अशा तक्रारी अनेक वर्षें होत आल्या आहेत. म्हणून जें कच्चें खावयाचें, तें तरी आपल्या नजरेखालीं वाढलेलें असावें.

पुदिना तुळशीच्याच कुळांतला. साध्या पुदिन्याचा वास कार्व्होन या द्रव्याचा, तर पेपरमिंटचा गारवा मेंथॉलचा असतो. संत्र्याच्या किंवा चॉकलेटच्या वासाच्या जातीही आहेत. पेपरमिंटची जात साधा पुदिना व पाणपुदिना यांच्या संकरापासून झालेली असून तिला बहुधा बीं धरत नाहीं. म्हणून तिच्या बियांच्या पुडीवर भरंवसा ठेवूं नये. काडी लावावी, म्हणजे मूळ झाडाचा वास जसाच्या तसा उतरतो. ही जात फुलण्यास दीर्घ दिवस लागतात. मुंबईचा सर्वांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा असल्यानें येथें फुलें क्वचितच दिसतील. परंतु आपणांस पानेंच हवीं असल्यानें त्यांत तोटा नाहीं. प्रत्येक जातीस स्वतंत्र कुंडी द्यावी. एकत्र लावल्यास जोमदार जात आपल्या धांवत्या खोडांनीं दुसरीस दडपून टाकते.

लागवडीस पावसाळ्यानंतरचा ऑक्टोबर महिना चांगला. ताज्या जुडींतील टणक काड्या निवडून पेराखालीं कापाव्या, लांबी ४-५ इंच ठेवावी व खालचीं पानें काढून काड्या पाण्यांत उभ्या कराव्या. पाणी एक दिवसाआड बदलावें. साधारण ८-१० दिवसांत मुळें फुटतात. कुंडी खोल नसली तरी चालेल, पण १०-१२ इंच रुंद असावी. माती, चांगलें कुजलेलें शेणखत व वाळू समभाग घ्यावी. सकाळचें चार तास ऊन पुरे. मार्च ते मे या काळांत पश्चिमेचें ऊन टाळावें.

खुडतांना पानांच्या जोडीच्या वर शेंडा खुडावा, म्हणजे बगलेंतून दोन फांद्या फुटतात. एका वेळीं तिसऱ्या हिश्शाहून अधिक पाला काढूं नये. उन्हाळ्यांत पानांच्या पाठीवर कोळी व मावा दिसल्यास पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानें धुवावें. तांबेरा पडल्यास त्या काड्या मातीलगत कापून फेकून द्याव्या.

खरी कसोटी जून ते सप्टेंबर. येथें वर्षाकाठीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि जवळजवळ सारा याच चार महिन्यांत. पुदिन्यास ओल प्रिय. तुंबलेलें पाणी मात्र त्याचीं मुळें कुजवितें. म्हणून कुंडी आडोशास घ्यावी, तळाचें भोंक मोकळें आहे ना तें पाहावें व कुंडी विटांवर ठेवावी. खालच्या ताटलींत पाणी सांचूं देऊं नये. डेंग्यूचा डांस अशाच स्वच्छ पाण्यांत अंडीं घालतो, आणि अंड्यापासून डांस होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यांतून एकदां ताटली रिकामी करून घांसावी. ही खबरदारी न घेणाऱ्यानें कुंडी ठेवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

वर्षभरांत मुळांनीं कुंडी भरून जाते व पानें लहान पडूं लागतात. तेव्हां गड्डा उपटून कडेचे जोमदार तुकडे नव्या मातींत लावावे. एक तुकडा शेजाऱ्यासही द्यावा. पावसांत आपली कुंडी गेली, तर त्याच्याच घरून काडी परत आणतां येते.