संध्याकाळी पांढरी, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल! मधुमालतीचा वेल भेट देण्याआधी हे माहीत हवं

वास्तुशांतीला कुणी मधुमालतीचं रोप आणलं की घरचे खूश होतात. दोन वर्षांत वेल गॅलरीचं ग्रील ओलांडून वरच्या मजल्यावर पोहोचतो, पण फूल एकही नाही. मग "रोपच खराब निघालं" म्हणत तो मुळापासून कापला जातो. खरंतर दोष बहुतेकदा रोपाचा नसतोच. देणाऱ्याने सांगायच्या दोन-चार गोष्टी राहून गेलेल्या असतात.

जुन्या बंगल्यांच्या फाटकावर कमान करून लोंबणारे फुलांचे घोस म्हणजे मधुमालती, इंग्रजीतली रंगून क्रीपर. एकाच घोसात तीन रंग दिसतात म्हणून हे कलम केलेलं झाड असावं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात फूल एकच, वय वाढतं तसा रंग बदलतो. संध्याकाळी उमलताना ते पांढरं असतं, पुढे गुलाबी होतं आणि शेवटी गडद लाल. फुलाची नळी लांब आणि अरुंद असते. तिच्या तळाचा मकरंद लांब सोंडेच्या निशाचर पतंगांना पोहोचतो. अंधारात त्यांना बोलवायला पांढरा रंग आणि दरवळ कामी येतात. म्हणूनच या वेलाचा खरा सुगंध रात्री. झोपायच्या खोलीच्या खिडकीजवळ जागा असेल तर उत्तम.

रोप घरी आलं की पहिला गोंधळ इथेच होतो: हा वेल सुरुवातीला वेलासारखा दिसतच नाही! काही महिने तो झुडपासारखा ताठ वाढतो आणि नंतर लांब फांद्या फेकू लागतो. १७व्या शतकात अंबोन बेटावर (आजचा इंडोनेशिया) राहणारे वनस्पतीअभ्यासक रम्फियस यांनाही याचं नवल वाटलं. त्यांनी नाव दिलं 'क्विस्क्वॅलिस', म्हणजे लॅटिनमध्ये 'कोण? कसलं?'. आज शास्त्रीय नाव काँब्रेटम इंडिकम आहे आणि कुळ आपल्या ओळखीचं, अर्जुन, ऐन, हिरडा आणि बेहडा यांचं.

आता मुख्य तक्रार: फुलं का येत नाहीत?

मधुमालतीची फुलं नव्या फुटीच्या शेंड्याकडे येतात. वेल आवरता आवरत नाही म्हणून दर पंधरा दिवसांनी शेंडे खुडले, तर दरवेळी येऊ घातलेला घोसच कापला जातो. छाटणी वर्षातून एकदा, बहर ओसरल्यावर, साधारण जानेवारीच्या शेवटी ते फेब्रुवारीत करावी. तेव्हा हात राखू नये. एखाद्या हट्टी फांदीला मधेच वळवून बांधलं तर चालतं. दुसरं कारण ऊन. ५-६ तास थेट ऊन नसेल तर पानं भरपूर आणि फुलं तुरळक. तिसरं कारण प्रेम! युरियासारखं नत्राचं खत वारंवार घातलं की वेल नुसता माजतो. छाटणीनंतर आणि पावसाळ्याच्या तोंडाला दोन-तीन मुठी शेणखत किंवा गांडूळखत पुरे. पाणी मात्र उन्हाळ्यात कुंडीला रोज लागतं.

छाटताना हातमोजे घालावेत. पान गळलं तरी देठाचा तळ फांदीवर राहतो आणि वाळून काट्यासारखा टणक होतो. याच आकड्यांच्या आधाराने वेल वर चढतो.

उत्तरेकडच्या सावलीतल्या गॅलरीत किंवा शेजाऱ्याच्या खिडकीला लागून असलेल्या ग्रीलवर राहणाऱ्यांना मधुमालती देऊ नये. ६-७ मीटर सहज वाढणारा हा वेल पुढे सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडणाचा विषय होतो. अशांना गोकर्ण द्यावा, तो आटोपशीर राहतो. मात्र ऊन त्यालाही थोडंफार हवंच. गच्ची, अंगण किंवा फाटक असेल तर मधुमालतीसारखी भेट नाही. कुंडीतच ठेवायचा असेल तर ती किमान १४ इंची असावी.

रोप विकतच आणायला हवं असं नाही. जुन्या वेलाच्या बुंध्याजवळ मुळांतून फुटवे येतात. ते मुळांसकट काढले की झालं. अधिक खात्रीचा मार्ग दाब कलमाचा. जमिनीलगतची फांदी वाकवायची, एका जागी साल किंचित खरवडायची, तो भाग शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबून वर दगड ठेवायचा. मुळं धरेपर्यंत मूळ वेलच तिला पोसतो, त्यामुळे ती सहसा मरत नाही. नवी पालवी जोमाने वाढू लागली की मगच जोड कापायचा. जूनच्या पहिल्या पावसात दाबलेली फांदी साधारण गणपतीपर्यंत कुणाला तरी द्यायला तयार होते.