मोल्सवर्थची वाडी

‘जरा मोल्सवर्थ काढ,’ असे आमच्या घरी म्हटले जाई तेव्हा कोणाच्याही डोळ्यांपुढे माणूस येत नसे. यायचा तो फडताळातला, पुठ्ठा सुटलेला, पिवळ्या पानांचा ग्रंथ. कॅप्टन जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांनी जॉर्ज आणि थॉमस कँडी यांच्या साहाय्याने रचलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. १८५७ ची दुसरी आवृत्ती सुमारे साठ हजार शब्दांची झाली आणि अभ्यासक आजही तीच हाताशी ठेवतात. आपल्या भाषेतल्या शब्दांची कुळे-मुळे ज्याने नोंदवली, त्याच्या स्वतःच्या आडनावाचे मूळ काय, हा प्रश्न मात्र आपल्याला सहसा पडत नाही.

मला तो पडला, पण चुकीच्या वाटेने. कॉलेजात असताना एका भाषणात मी ठोकून दिले होते : ‘मोल’ म्हणजे किंमत आणि इंग्रजीतल्या ‘वर्थ’चा अर्थही किंमतच, तेव्हा या माणसाच्या नावातच दोन्ही भाषांचे मोल आहे! टाळ्या पडल्या. भाषण संपल्यावर आमच्या इंग्रजीच्या सरांनी मला बाजूला घेतले आणि शांतपणे विचारले, की हे कोणत्या कोशात पाहिलेस? मी कोणताच कोश पाहिला नव्हता. कोशकाराबद्दल बोलताना कोश न उघडण्याची ती शरम पुष्कळ वर्षे पुरली. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

मोल्सवर्थ हे मुळात गावाचे नाव. पूर्व इंग्लंडमध्ये, पूर्वीच्या हंटिंग्डनशर आणि आताच्या केंब्रिजशर परगण्यात, ते छोटे खेडे आजही आहे. विल्यम राजाने १०८६ मध्ये करवलेल्या ‘डूम्सडे बुक’ या जमीनपाहणीत त्याची नोंद सापडते. नावाचे तीन तुकडे पडतात. पहिला ‘मूल’. हे जुन्या इंग्रजीतले पुरुषाचे नाव. इथेही मराठी कान फसतो, पण आपल्या ‘मूल’शी त्याचा संबंध नाही, अभ्यासक ते खेचरवाचक शब्दाशी जोडतात, म्हणजे मूळचे ते टोपणनाव असावे. त्यात कमीपणा मात्र नव्हता. केंटवर राज्य करणारा आणि ६८७ मध्ये जाळून मारला गेलेला एक राजाही मूल नावाचाच होता. दुसरा तुकडा मधला ‘स’ : हा षष्ठीचा प्रत्यय, आपल्या ‘चा-ची-चे’सारखा. आणि तिसरा ‘वर्थ’.

या ‘वर्थ’चा किंमतीशी काही संबंध नाही. उच्चार आणि अक्षरे सारखी असली तरी तो वेगळा शब्द आहे. जुन्या इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घालून आखलेली जागा. पुढे त्या कुंपणातल्या घरालाही ‘वर्थ’ म्हणू लागले आणि घराभोवती वस्ती वाढली तेव्हा वस्तीलाही. लंडनचे वाँड्सवर्थ हे वेंडेल नावाच्या कोणाचे कुंपण; लँकेशरमधले बटरवर्थ हे लोण्यासाठी नावाजलेले. आपल्या ओळखीचा कवी वर्ड्‌स्वर्थ याच्या नावातही ‘वर्ड’ म्हणजे शब्द नाही आणि ‘वर्थ’ म्हणजे मोलही नाही. ते आडनाव यॉर्कशरमधल्या वॉड्सवर्थ या गावावरून आलेले आहे. शब्दांचे मोल जाणणारा कवी, असा श्लेष करण्याचा मोह कोणालाही व्हावा. पण मोह आणि व्युत्पत्ती यांत फरक असतो.

गावाचे नाव माणसाला कसे चिकटले? १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर जमीनदार घराण्यांत वंशपरंपरागत आडनावे रुजू लागली आणि पुढच्या दोन-तीन शतकांत ती सामान्यांपर्यंत पोचली. कोणाला धंद्यावरून आडनाव मिळाले, कोणाला बापाच्या नावावरून, कोणाला व्यंगावरून आणि कोणाला गावावरून. गावावरून पडलेल्या नावाची एक गंमत आहे. साताऱ्यात राहणाऱ्याला सातारकर म्हणून कोणी हाक मारत नाही, कारण तिथे सगळेच साताऱ्याचे. ते नाव गाव सोडल्यावर परक्यांच्या तोंडून पडते. मोल्सवर्थ गावात राहिलेल्यांनाही या नावाचा उपयोग नव्हता. उपयोग झाला तो बाहेर पडलेल्यांना. अशी आडनावे सुटलेल्या गावाचा पत्ता सांगतात.

आणि मोल्सवर्थ नावाची माणसे पुष्कळ लांब गेली. एक शाखा कॉर्नवॉलमध्ये पेनकॅरो येथे नांदली. तिच्यातल्या सर विल्यम यांनी तत्त्वज्ञ हॉब्सचे ग्रंथ संपादित केले. आयर्लंडमध्ये रॉबर्ट मोल्सवर्थ १७१६ मध्ये व्हायकाउंट झाले; डब्लिनमध्ये मोल्सवर्थ स्ट्रीट आहे. १९५३ पासून हे नाव एका काल्पनिक शाळकरी पोराने इंग्लंडभर गाजवले. जेफ्री विलन्स यांनी लिहिलेल्या आणि रोनल्ड सर्ल यांनी चित्रे काढलेल्या पुस्तकांतला हा नायजेल मोल्सवर्थ, ज्याचे एक स्पेलिंग धड नाही! मराठीला शब्द तपासून देणाऱ्याचा हा नावबंधू.

मूळ गावाचीही गोष्ट थांबली नाही. दुसऱ्या महायुद्धात तिथे विमानतळ झाला. १९८० च्या दशकात तिथे अमेरिकेची अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रे ठेवायचे ठरले, तेव्हा शांततावादी तळ ठोकून बसले. फेब्रुवारी १९८५ मध्ये सैनिक आणि पोलिसांनी त्यांना हुसकावले आणि रातोरात तारेचे कुंपण उभारले. नावातच कुंपण असलेल्या त्या गावाला हजार वर्षांनी पुन्हा कुंपण पडले.

हे सगळे जमवून झाल्यावर, सरांचा प्रश्न आठवून, मी घरचा कोश उघडला आणि ‘वाडी’ हा शब्द काढला. मोल्सवर्थने तो संस्कृत ‘वाटी’पासून दाखवला आहे. पहिला अर्थ दिला आहे तो कुंपण घातलेल्या शेता-बागेच्या जमिनीचा. नंतरचा, शेतकऱ्यांच्या झोपड्यांच्या वस्तीचा. कुंपणापासून वस्तीपर्यंत, अगदी ‘वर्थ’ गेला त्याच वाटेने. दोन्ही शब्दांचे रक्ताचे नाते आहे, असे मी म्हणणार नाही. एकदा तोंड पोळले आहे. पण अर्थाचे नाते उघड आहे. मोल्सवर्थ म्हणजे मूलची वाडी, आणि आपला कोशकार म्हणजे मूलवाडीकर.

ती नोंद लिहिताना आपण आपल्याच आडनावाचा अर्ध्याहून अधिक अर्थ लिहीत आहोत, हे त्याला जाणवले असेल का? कोशात तसे काही म्हटलेले नाही. तिथे फक्त ‘वाडी’चा अर्थ आहे, नेमका आणि नीट तपासलेला. माझ्या भाषणात नसलेली गोष्ट ती हीच.